वेळेअभावी प्रश्नोत्तरे रद्द

हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्याला विद्यापीठ नाही, पण विद्यापीठांची टंचाईही नाही. पैनगंगेच्या अलीकडे आपण नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात असतो. वाशीम जिल्ह्यात पाऊल टाकले की अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात. शेतीचीही तीच तऱ्हा. अलीकडे परभणीचे कृषी विद्यापीठ, पलीकडे अकोल्याचे. म्हणजे वाशीमच्या बाजाराला जाऊन दोन किलो मिरची घेऊन परतणारा आमचा माणूस एका दिवसात चार विद्यापीठे पालथी घालतो आणि एकाचीही परीक्षा फी भरत नाही.

पूर्वी इथे खरीखुरी सरहद्द होती. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजांचे वऱ्हाड. सरहद्द म्हटली की करोडगिरी, म्हणजे मालावरची जकात, आली आणि करोडगिरी म्हटली की नाका आला. गावाच्या नावात तो अजून ठाण मांडून आहे. १९४८ साली निजामी गेली, १९५६ साली नदीचे दोन्ही काठ एकाच राज्यात आले, मालावरची हद्द मिटली. ज्ञानाची हद्द मात्र शाबूत राहिली. पलीकडच्या प्राध्यापकांना आमच्याकडे बोलवायचे तर विषय काय ठेवावा याच्या आधी प्रवासभत्ता कुणी द्यावा याची चर्चा होते आणि बहुतेक वेळा तिथेच कार्यक्रमाची सांगता होते.

हे सगळे सांगायचे कारण असे, की आता आम्हा म्हाताऱ्यांनाही कायद्याने विद्यार्थी ठरवले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्यापीठात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ असते. माणसाने शेवटपर्यंत शिकत राहावे अशी सरकारची इच्छा आहे. आमची हरकत नाही. फक्त शिकवायला कोण येणार, कुठे येणार आणि किती वाजता येणार, एवढे आधी कळले पाहिजे.

बाहेरच्या जगात याची मोठी सोय आहे म्हणतात. फ्रान्समध्ये तुलूझ शहरात १९७३ साली खास निवृत्तांसाठी विद्यापीठ निघाले. इंग्लंडच्या मंडळींनी १९८२ साली त्यात सुधारणा केली आणि प्राध्यापकच काढून टाकले. तिथे म्हातारेच म्हाताऱ्यांना शिकवतात. परीक्षा नाही, पदवी नाही. हा प्रकार आमच्या पारावर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, पण आम्ही त्याची नोंदणी केली नाही, म्हणून त्याला गप्पा म्हणतात.

आमच्याकडे विद्यापीठ येते ते हिवाळ्यात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातून. ही योजना १९६९ सालची. तिचे विशेष शिबिर सात दिवसांचे. कॉलेजची पोरे-पोरी गाद्या-बादल्यांसह गावात उतरतात, शाळेच्या फाटकावर बॅनर लागतो आणि सात दिवस गाव स्वच्छ दिसते. सकाळी श्रमदान. नाली काढणे, शोषखड्डा खणणे, झाडांना आळी करणे. दुपारी जेवण. जेवणानंतर ‘बौद्धिक’.

जेवणानंतर बौद्धिक ठेवण्याची कल्पना ज्या कुणाला सुचली, त्याने स्वतः कधी सकाळी शोषखड्डा खणलेला नसावा. तीन तास फावडे मारलेल्या पोराच्या पोटात वरण-भात आणि वांग्याची भाजी गेली, की त्याच्यासमोर साक्षात कुलगुरू उभे केले तरी त्याची मान खालीच जाते. पोरे अशी सतरंजीवर एकेक करून आडवी होतात. कार्यक्रम अधिकारी सर चिंतेत पडतात, कारण अहवालाला फोटो लागतो आणि फोटोत माणसे बसलेली लागतात. मग दोन स्वयंसेवकांना पाराकडे पिटाळले जाते.

“आबा, चला ना. लेक्चर हाये.”

“कशाचं?”

“युवकांपुढील आव्हाने.”

“मग युवक काहून नाही आयकत?”

“ते झोपलेत, आबा.”

असा आमचा विद्यापीठात प्रवेश होतो. कट ऑफ नाही, दाखला नाही, सही-अंगठ्याचीही गरज नाही. पांढरे धोतर आणि टोपी असली की पहिल्या रांगेत जागा. फोटोत टोपी चांगली उठून दिसते. ‘युवकांपुढील आव्हाने’ हा विषय सत्तरीच्या लोकांनी जितक्या मनापासून ऐकला आहे, तितका कुठल्याही युवकाने ऐकला नसेल. त्यांना ती आव्हाने पक्की ठाऊक असतात, कारण ते युवक त्यांच्याच घरात बसून असतात.

व्याख्यान सुरू होण्याआधी बरेच काही सुरू होते. दीपप्रज्वलन होते, म्हणजे पहिल्या पाच काड्या विझतात आणि सहाव्या काडीला दोन्ही तळहातांचा आडोसा देऊन कुणीतरी जाणता माणूस वात पेटवतो. मग प्रतिमापूजन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प. वक्त्याचा सत्कार सरपंच करतात, सरपंचांचा सत्कार सर करतात, सरांचा सत्कार मुख्याध्यापक करतात आणि आता कुणी उरले नाही असे वाटते, तेवढ्यात पोलीस पाटील दारातून आत येताना दिसतात. त्यानंतर प्रास्ताविक. प्रास्ताविक करणारा “मी आपला जास्त वेळ घेणार नाही” म्हणाला, की आमच्यातले अनुभवी लोक पाठ भिंतीला टेकवतात.

मग पाहुण्यांचा परिचय. बी. ए., एम. ए., बी. एड., नेट, सेट, पीएच. डी. ही यादी आमची मंडळी लक्षपूर्वक ऐकतात. एकदा यादी संपल्यावर शेजारच्या आबांनी माझ्या कानात विचारले, “येवढं शिकून मग नोकरी लागली का पर्मनंट?” हा प्रश्न परिचयात नेहमी अनुत्तरित राहतो. मराठवाड्या-वऱ्हाडातले किती तरी हुशार प्राध्यापक तासिका तत्त्वावर अर्धे आयुष्य काढतात, त्यामुळे तो विचारूही नये.

ज्येष्ठांसाठी म्हणून खास व्याख्यान असेल तर विषय ठरलेला असतो : ‘आनंदी वार्धक्य’. वक्ता चाळिशीच्या आतला. वार्धक्याचा अनुभव नसल्यामुळे तो त्याबद्दल अतिशय आशावादी असतो. तो सांगतो, रोज अर्धा तास चाला. समोर बसलेल्यांपैकी काहींनी आषाढीला पंढरपूरची वाट वर्षानुवर्षे पायी तुडवलेली असते. उरलेले सकाळीच शेतात चक्कर मारून आलेले असतात. तो सांगतो, पहाटे लवकर उठा. ही मंडळी पहाटे लाइट येते तेव्हा मोटार चालू करायला उठतात, मग ती पहाट रात्री दोनला का होईना. तो सांगतो, मीठ कमी खा. मागे बसलेल्या एका आत्याबाई पुटपुटतात, “सून घालंल तेवढंच खातो बाप्पा.” शेवटी तो म्हणतो, एखादा छंद जोपासा.

“सर, छंद म्हंजे कसा?”

“ज्यात तुमचं मन रमतं, असं काहीतरी.”

“म्हशी चालतील का?”

सरांना हसू येते. आबांना येत नाही, कारण त्यांनी मनापासून विचारलेले असते. दोन म्हशींच्या मागे माणूस खरोखर रमतो. एकटेपणावर तो उपाय आहे, व्यायाम आहे आणि वर दूध आहे. सरांनी तिथे थांबून आबांना दोन मिनिटे बोलू दिले असते, तर आनंदी वार्धक्यावर एक चांगला मुद्दा त्यांच्या वहीत जमा झाला असता. पण पुढच्या मुद्द्याला त्यांना उशीर झालेला असतो.

बायका खुर्चीवर बसत नाहीत. त्या कडेला, दाराजवळ, हातात काही तरी निवडत बसतात. तुरीच्या शेंगा सोलण्याच्या नादात त्यांचे लक्ष नाही असे वक्त्याला वाटते. संध्याकाळी सगळे व्याख्यान कुणाला पाठ आहे असे विचारले तर त्याच सांगू शकतात, शिवाय सरांनी कुठला मुद्दा दोनदा सांगितला हेही सांगतात. पुरुष मात्र मान डोलवतात. मान डोलवणे म्हणजे समजले, असा शहरी माणसाचा समज असतो. आमच्याकडे मान डोलवणे म्हणजे ‘बोला, आम्ही अजून उठलो नाही’.

आणि मग येते ते वाक्य, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. हवामानबदलावर व्याख्यान झालेले असते. आबांनी तासभर एक प्रश्न मुठीत धरून ठेवलेला असतो. ते उठायला लागतात, तोच सूत्रसंचालक माइक हातात घेतो : “वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येणार नाहीत, तरी श्रोत्यांनी सहकार्य करावे.” त्यानंतर आभारप्रदर्शन सुरू होते. मंडपवाल्याचे आभार, माइकवाल्याचे आभार, पाण्याचा जार देणाऱ्याचे आभार, ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार. अज्ञातांचे आभार मानायला दहा मिनिटे मिळतात. ज्ञात आबांना एक मिनिट मिळत नाही.

आबांचा प्रश्न साधा होता. पाऊस मागे सरकायला लागला हे समजले, पृथ्वी तापली हेही समजले; तर आता सोयाबीन मृगात पेरावे की आर्द्रा पाहावी? मी तो चहाच्या वेळी सरांना विचारला. ते प्रामाणिकपणे म्हणाले, “हा माझ्या विषयात येत नाही.” चूक त्यांची नाही. विद्यापीठात ज्ञानाचे विभाग असतात. शेतकऱ्याच्या डोक्यात एकच विभाग असतो आणि त्यात हवामान, बाजारभाव, गुडघेदुखी आणि धाकट्याचे लग्न एकत्र नांदतात.

त्या मानाने कृषी विद्यापीठांशी आमचे जास्त जमते. परभणीचे विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झाले. त्या वर्धापनदिनी तिथे खरीप मेळावा भरतो, तर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, रब्बीचा. अकोल्याचे विद्यापीठ त्याहून थोडे जुने, १९६९ चे. तिथे शिवारफेरी असते. आमचे नाक्यावरचे लोक दोन्हीकडे जातात, कारण सोयाबीनला विद्यापीठाचे कार्यक्षेत्र कळत नाही. परभणीचे ‘एमएयूएस ७१’ आणि अकोल्याचे ‘सुवर्ण सोया’ एकाच वावरात शेजारी शेजारी पेरणारे आमच्याकडे आहेत. कुठल्या वाणाच्या शेंगा फुटल्या, कुठला पाण्यात टिकला, याची टिपणे त्यांच्या डोक्यात असतात. याला विद्यापीठात तुलनात्मक अभ्यास म्हणतात आणि त्यावर वेतनवाढ मिळते.

मेळाव्यातही भाषणे असतातच, पण तिथे खरा वर्ग भरतो तो बियाण्याच्या रांगेत. रांग हलत नाही, त्यामुळे वेळेचा अभाव नसतो. शास्त्रज्ञ पुढून जाताना दिसला की आमची माणसे त्याला अडवतात. “साहेब, हळदीला कंदकुज लागली,” म्हणून पिशवीतून कुजलेला गड्डा थेट त्याच्या हातात देतात. आता गड्डा हातात आल्यावर कुठलाही शास्त्रज्ञ “वेळेअभावी” म्हणू शकत नाही.

या शिक्षणप्रसाराला सगळ्यात मोठा हातभार कुणी लावला असेल तर तो एसटीने. २०२२ साली पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास सुरू झाला आणि आमच्याकडच्या ज्येष्ठांची ज्ञानलालसा एकदम वाढली. आधार कार्ड दाखवले की कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट देतो. आता हिंगोलीला योग शिबिर असो, वाशीमला नेत्र तपासणी असो, कुठे सहकारावर परिसंवाद असो, आमची माणसे हजर. काही वेळा कार्यक्रम कशाचा आहे हे तिथे गेल्यावर कळते. कळल्यावरही ते बसतात. शून्य रुपयांचे तिकीट असले तरी ते वसूल झाले पाहिजे, हा आमचा बाणा आहे.

शिकायचे नाही असे ठरवूनही चालत नाही, कारण सरकार घरी येऊन शिकवते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करायचे आणि शेतकरी त्यांना शोधायचा. आता शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा असतो. तुरीत टॉवर येत नाही आणि टॉवर येतो तिथे तूर नाही. असा एक हात आकाशाकडे करून बांधावरून चालणारा म्हातारा दिसला, तर तो पावसाची विनवणी करतो आहे असे समजू नये. तो रेंज शोधतो आहे. त्याच्या मागे नातू उभा असतो आणि ओरडत असतो, “आबा, कॅमेरा उलटा झाला! तुमचा फोटो निघतोय!” सरकारी सर्व्हरवर अशी किती आजोबांची नोंद पीक म्हणून झाली असेल, हे महसूल खातेच जाणे.

नातवाने आजोबाला शिकवावे यात लाज वाटणाऱ्यांनी आमच्या जिल्ह्याचा इतिहास पाहावा. नर्सीचे नामदेव महाराज आमच्याच हिंगोली तालुक्यातले. कीर्तनकार म्हणून नाव झालेले, विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो अशी ख्याती. तेरला गोरोबाकाकांकडे संतमंडळी जमली असताना मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके थोपटून पाहिले आणि निकाल लावला : नामदेवाचे मडके कच्चे. मुक्ताई वयाने त्यांच्याहून लहान. नामदेव रुसले, तक्रार घेऊन थेट विठ्ठलाकडे गेले. वरच्या कार्यालयातही निकाल कायम झाला. तेव्हा ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले आणि विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून झोपलेले पाहून आधी प्रश्न विचारला. विसोबांनी तो वेळेअभावी रद्द केला नाही. देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव, म्हणाले. तो एक प्रश्न आणि ते एक उत्तर अजून आमचे कीर्तनकार दोन-दोन तास सांगतात. सुवर्णपदक मिळाल्यावर पुन्हा पहिलीत बसणारा माणूस ज्या जिल्ह्यात होऊन गेला, तिथे ओटीपी म्हणजे काय हे नातीला विचारायला कसली लाज?

वयाचा बाऊ करायचा तर महर्षी कर्व्यांचे काय करायचे? त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. आणि त्यानंतर ते आणखी २६ वर्षे जगले. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गावी योगेंद्र बांगर या शिक्षकाने ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून आज्या शाळेत निघाल्या. अलीकडच्या उल्लास कार्यक्रमातही १५ वर्षांपुढच्या कुणालाही साक्षरतेची परीक्षा देता येते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान. मार्च २०२४ मध्ये राज्यभर ती झाली, तेव्हा परीक्षार्थींनी दहा ते पाच या वेळात सोयीने यायचे होते. दहावीच्या पोरांना ही सवलत मिळाली, तर घराघरांत शांतता नांदेल.

आजी परीक्षेला निघते तेव्हा घरात जो गोंधळ होतो तो पाहण्यासारखा असतो. सून डबा देते, नातू पेन देतो आणि मुलगा, ज्याला आजीने पाचवीत नापास झाल्यावर चांगला चोप दिला होता, तो गंभीर चेहऱ्याने सांगतो, “घाबरू नको. सोपे प्रश्न आधी सोडव.” आजी म्हणते, “मले शिकवू नको.”

या सगळ्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. म्हाताऱ्यांना शिकण्याची आवड निर्माण करण्याची गरज नाही. ती आहे. हरिनाम सप्ताहात पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत बसणाऱ्या माणसाला दीड तासाचे व्याख्यान म्हणजे विश्रांती वाटते. ऐकण्याचा आमचा सराव दांडगा आहे. कमतरता आहे ती आमचे ऐकणाऱ्याची.

आणि याचा धडा दूर कुठे शोधायला नको. पलीकडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते गाडगे बाबा शाळेत गेलेले नव्हते. त्यांचे कीर्तन प्रश्नांवर चालायचे. ते विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, आणि उत्तर देता देता लोकांना आपलेच बोलणे ऐकू यायचे. हजारोंचा जमाव, पण मागच्या रांगेतला माणूसही बोलायचा. अलीकडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ तर हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते. एक पेशाने शिक्षक, एक शाळेचे तोंड न पाहिलेला. दोघांनीही माणसे जागी केली. त्यांच्या नावाच्या विद्यापीठांतून येणाऱ्यांनी समोरच्याला निदान एक प्रश्न विचारू द्यावा, एवढी अपेक्षा फार नाही.

तेव्हा समस्त प्राध्यापकांना नाक्यावरच्या ज्येष्ठांच्या वतीने विनंती आहे. यंदा शिबिराची पत्रिका छापाल तेव्हा सत्कार दोन कमी करा. शाल आणू नका, आमच्याकडे धूळ खाणाऱ्या शाली खूप आहेत. आभार ज्ञातांचेच माना, अज्ञातांचे आम्ही बघून घेऊ. व्याख्यान अर्धा तास पुरे. उरलेला तास आमचा. प्रश्न तुमच्या विषयातला नसेल तर तसे सांगा, आम्हाला राग येत नाही. “विचारून सांगतो” म्हणा. फक्त सांगायला पुन्हा या. आर्द्रा नक्षत्राच्या आधी आलात तर बरे.